घरचा ठराव

सुगतनं तिसरं कलम खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि पेन दातात धरून तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसला. दारातून आईची पाठ दिसत होती. कमलाबाई ओट्याशी उभ्या राहून मेथी निवडत होत्या. गेले अकरा दिवस या घरात त्या जे काही करत होत्या ते असंच पाठ फिरवून करत होत्या.

"आई, तारीख काय घालू? सव्वीस जून?"

"आज सव्वीस असेल तर सव्वीस घाल."

"आणि वेळ?"

"वेळ बैठक संपली की घालतात. आधी नाही."

सुगतनं वेळेची जागा मोकळी सोडली. खरं तर त्याला हे माहीत होतं. त्याला फक्त आईनं तोंड उघडायला हवं होतं, मग ते वेळेबद्दल का असेना.

घरचा ठराव ही दादारावांची पद्धत. दादाराव म्हणजे सुगतचे वडील, औरंगाबादच्या पोस्टात कारकून आणि युनियनच्या शाखेचे चिटणीस. युनियनची शिस्त त्यांनी घरातही आणली होती. वाद झाला की रविवारी चटईवर बैठक. सूचक कोण, अनुमोदक कोण, कुणाची हरकत आहे का, सगळं रीतसर. लूना घ्यायची की नाही, थोरलीला नागपूरला शिकायला ठेवायचं की नाही, घरमालकाशी भांडायचं की नाही, सगळ्याचे ठराव वहीत. पोरं खो खो हसायची, पण वहीत लिहिलेलं मोडायची कुणाची हिंमत नव्हती. दादाराव जाऊन सहा वर्षं झाली होती. कमलाबाई स्वतः पंधरा वर्षं वस्तीतल्या महिला मंडळाच्या सचिव होत्या, त्यामुळे पद्धत टिकून राहिली.

आणि सुगतला तर ती फारच मानवली. तो आता सिंगापूरला राहत असे, आणि तिथल्या त्यांच्या बौद्ध मंडळींत त्याला 'मध्यममार्ग' म्हणूनच हाक मारत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शहराच्या पुंगोल भागात मुकुल आणि निशिगंधाच्या घरी वंदना असे, आणि वंदनेनंतर काही ना काही वाद. यंदा बुद्धपौर्णिमेच्या जेवणात चिकन ठेवायचं की नाही यावरून दोन तट पडले होते, तर सुगतनं तोडगा काढला: चिकन राहील, पण वंदना संपल्यावर आणि वेगळ्या टेबलावर. दोन्ही तटांना वाटलं आपणच जिंकलो. मुकुल त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "अरे, ह्याला युनोत पाठवा कुणीतरी. इथं फुकट जातोय." सुगतनं हात जोडून नाटकी नमस्कार केला होता, पण आतून त्याला गोड गुदगुल्या झाल्या होत्या.

त्याचं कामही तेच. विद्यापीठातल्या एका संशोधन संस्थेत तो अमेरिकेच्या कायदेमंडळाचा अभ्यास करत असे, आणि गेल्याच महिन्यात, म्हणजे मे २००५ मध्ये, तिकडे त्याच्या अगदी मनासारखी गोष्ट घडली होती. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशांची नावं पाठवतात, सिनेट मंजूर करते. अल्पमतातला पक्ष चर्चा संपूच न देता काही नावं अडवून बसला होता. बहुमतवाले म्हणाले, मग हा अडवायचा नियमच मोडीत काढतो. शेवटी दोन्हीकडचे सात-सात सिनेटर एकत्र बसले आणि तडजोड झाली. नियम राहिला. बदल्यात तीन नावांना वाट मोकळी. पुढची नावं असाधारण परिस्थितीतच अडवायची, आणि असाधारण म्हणजे काय ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सुगतनं त्यावर तीस पानी निबंध लिहायला घेतला. त्याचं प्रत्येक लेखन आधी त्याची बायको स्नेहल वाचत असे. ती चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, राजकारणाशी तिचा संबंध नाही, पण चूक पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ह्या तिघांचं गर्भपाताबद्दल काय म्हणणं आहे?" तिनं चहा पिता पिता विचारलं होतं.

"तिकडच्या महिला संघटना म्हणतात, विरोधातलं. पण हे खालच्या कोर्टात गं. सर्वोच्च न्यायालयाची जागा रिकामी झाली तर अडवायचं हत्यार शिल्लक ठेवलंय ना."

"म्हणजे चौदा जण बसले आणि बायकांचं काय ते पुढे बघू म्हणाले."

"तसं नाही. वेळ मिळवला त्यांनी."

"कुणाचा वेळ?"

सुगत हसला होता, आणि तो प्रश्न त्यानं तळटीपेत टाकला होता. प्रश्न चांगला होता, पण निबंधाच्या मुख्य भागात त्याला जागा नव्हती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी स्नेहलला कळलं की तिला दिवस गेलेत. तिनं सुगतला सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "आपलं ठरलेलं आठवतंय ना?"

"आठवतंय," सुगत म्हणाला.

ठरलेलं म्हणजे असं. सात वर्षांपूर्वी त्यांची लेक निहारिका झाली, त्यानंतर जवळजवळ वर्षभर स्नेहल माणसांत नव्हती. एकदा सुगत संध्याकाळी घरी आला तर पाळण्यात पोर रडून रडून निळी पडली होती आणि स्नेहल न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. नळ वाहत होता. "मला उठताच येत नाहीये," असं ती पुन:पुन्हा म्हणत होती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, हळूहळू ती परत आली. तेव्हा सुगतनं तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता की पुन्हा नाही. कधीच नाही.

आता कमलाबाई. त्या जूनच्या सुट्टीत नातीला भेटायला आलेल्या. सुनेला सकाळी उमासे येतात हे त्यांच्या नजरेतून कसलं सुटतंय? हरखून त्यांनी विचारलं, "काय गं, गोड बातमी का?" आणि स्नेहलनं, तिला आडपडदा म्हणून ठाऊक नाही, सरळ सांगितलं, "हो आई. पण मी ठेवणार नाहीये." झालं. त्या दिवसापासून कमलाबाईंनी सुनेकडे पाठ फिरवली. जेवायला वेगळ्या वेळी बसू लागल्या. परतीचं तिकीट चौदा ऑगस्टचं होतं, ते अलीकडे आणता येईल का, असंही त्यांनी मुलाला विचारलं.

अशा वेळी सुगत स्वस्थ बसतो की काय! तो आईला घेऊन इमारतीच्या खाली दगडी बाकावर बसला.

"ती थांबायला तयार होईल, आई. तू फक्त तिला काही बोलू नकोस. तू जाईपर्यंत ती काही करणार नाही. आणि एकदा इतके दिवस गेले की बाईचं मन बदलतं, तुलाच माहीत आहे."

"असं म्हणतोस?"

"मी सांगतो ना."

मग स्नेहलला त्यानं बुकित बातोकच्या मेट्रो स्टेशनवर गाठलं.

"आईसमोर नको गं. तिचं वय बघ. चौदा ऑगस्टला ती गेली की मग तू म्हणशील तसं."

"तोवर पंधरावा आठवडा लागेल, सुगत. बाराच्या आत सोपं असतं. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय."

"बघू या ना. काहीतरी मधला रस्ता काढू."

गाडी आली. स्नेहल काही न बोलता चढली. तिचं गप्प राहणं सुगतनं होकारात जमा केलं आणि रविवारी सकाळी तो वही घेऊन बसला. कलम एक: हा विषय घरात कुणी काढू नये, औरंगाबादला फोनवरही बोलू नये. कलम दोन: स्नेहलनं दवाखान्यातली गुरुवारची भेट पुढे ढकलावी. कलम तीन: आई परत गेल्यावर परिस्थिती बघून योग्य तो निर्णय घ्यावा. तिसरं कलम त्यानं चारदा लिहिलं तेव्हा कुठं मनासारखं जमलं. पंधराव्या आठवड्याचा उल्लेख त्यानं घातला नाही. ठराव आटोपशीर असावा, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

चार वाजता स्नेहल कारखान्यातून आली. हातपाय धुऊन, केस वर बांधून ती जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. तिचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. कमलाबाई समोर बसल्या. निहारिकाला समोरच्या घरी खेळायला पाठवायचं ठरलं होतं, पण ती दारात अडून उभी राहिली आणि तिकडच्या पोरांच्या इंग्रजीत कुरकुरली.

"बाबा, व्हाय आय मस्ट गो? टुमारो स्कूल स्टार्ट ला."

"अर्धा तास फक्त. जा बरं."

"यू ऑल ऑलवेज से अर्धा तास," म्हणत ती सपाता फटफटवत गेली.

सुगतनं घसा साफ करून ठराव वाचला. वाचताना त्याचा आवाज सभेतल्यासारखा झाला, आणि ते त्याच्याही लक्षात आलं, पण थांबता येईना. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "सूचक मी."

"अनुमोदक?" कमलाबाईंनी विचारलं.

सुगतनं स्नेहलकडे बघितलं. ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती.

"मी देते अनुमोदन," कमलाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला, वही पुढे ओढली, सुगतच्या हातातलं पेन घेतलं. सुगतचा जीव भांड्यात पडला. बाई सही करणार, आणि निदान दीड महिना घरात शांतता नांदणार.

पण पंधरा वर्षांची सवय अशी कशी जाईल? कागदावर पेन टेकवून, मान खाली ठेवूनच कमलाबाईंनी विचारलं, "कुणाची हरकत?"

मंडळाच्या प्रत्येक सभेत त्यांनी हे विचारलं होतं, आणि शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर आलं नव्हतं.

"माझी आहे," स्नेहल म्हणाली.

सुगत घाईघाईनं पुढे झुकला. "स्नेहल, अगं, आपलं बोलणं झालंय ना त्यावर—"

"थांब." कमलाबाईंनी पेन वर उचललं. "हरकत आली की आधी ऐकायची. मग सूचकानं बोलायचं. बापानं काय शिकवलं तुला?" मग त्या सुनेकडे वळल्या. अकरा दिवसांत पहिल्यांदाच. "बोल गं."

स्नेहलला हे अपेक्षित नव्हतं. तिनं टेबलाच्या कडेवरचं बोट काढून घेतलं आणि सरळ सासूकडे बघून ती बोलायला लागली.

"चौदा ऑगस्टला मला पंधरावा आठवडा असेल. तेव्हा हे अवघड होतं, आई. धोका वाढतो. हे सुगतला मी सांगितलंय. म्हणजे या ठरावात थांबायचंय ते फक्त मी. आणि थांबून थांबून शेवटी मला हो म्हणावं लागेल, कारण नाही म्हणायची वेळ टळून गेली असेल." ती थांबली. "निहारिकाच्या वेळी जे झालं ते मला पुन्हा झेपणार नाही. तुम्हाला तर माहीत आहे सगळं."

"काय झालं होतं निहारिकाच्या वेळी?"

आता स्नेहलनं सुगतकडे बघितलं. "आईंना सांगितलं होतंस ना तू?"

सुगतनं टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मग स्नेहलनंच सांगितलं. न्हाणीघराची फरशी, निळं पडलेलं पोर, गोळ्या, खिडकीशी जायची भीती वाटायची म्हणून खुर्ची दारापाशी ओढून बसणं. रडली नाही. कारखान्यातला बिघाड समजावून सांगावा तसं ओळीनं सांगत गेली. कमलाबाईंनी चष्मा काढला होता.

"सुगत," त्या म्हणाल्या, "मी फोनवर विचारायचे तुला. दर रविवारी विचारायचे, बाळंतीण कशी आहे म्हणून. काय सांगायचास तू?"

"छान आहे म्हणायचो."

"का?"

"दादा आजारी होते, आई. तू एकटी काय काय बघणार होतीस? उगाच जिवाला घोर लागला असता."

"मग लागायचा नाही होय रे मला घोर? माणूस आहे मी. मी आले असते. तुझ्या दादांना थोरलीकडे ठेवून आले असते. चार महिने राहिले असते. माझी सून भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिकडं डिंकाचे लाडू पाठवत होते!" त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि स्नेहलला विचारलं, "आणि या ठरावाबद्दल काय म्हणाला तुला हा?"

"म्हणाला, तुम्ही गेलात की मी म्हणेन तसं."

"मला म्हणाला, इतके दिवस गेले की तुझं मन बदलेल."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सुगतला वाटलं, आता कुणीतरी त्याच्यावर ओरडावं. तेवढं बरं पडलं असतं. पण ओरडलं कुणीच नाही. पुंगोलच्या चिकनपासून अमेरिकेच्या सिनेटपर्यंत त्याला एकच हातखंडा युक्ती ठाऊक होती, की दोघांनाही वाटलं पाहिजे आपण जिंकलो. जिंकलेले दोघे कधी समोरासमोर बसून आपापलं ताडून बघतील, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

"सूचकाचं स्वतःचं मत काय?" कमलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुला काय हवंय?"

"मला... सगळ्यांना मान्य होईल असं काहीतरी."

"ते लिहिलंयस तू इथं. तुला काय हवंय ते विचारतेय मी. मूल हवंय की नकोय?"

सुगतनं तोंड उघडलं. एरवी ज्याच्या जिभेवर पंचवीस पर्याय तयार असायचे त्या माणसाला एक शब्द सापडेना. समोरच्या घरातून निहारिकाचं खिदळणं ऐकू येत होतं. दोन्ही बायका वाट बघत होत्या, आणि मग हळूहळू वाट बघायच्या थांबल्या.

कमलाबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मी अनुमोदन मागे घेते. हा ठराव होत नाही." मग सुनेला म्हणाल्या, "स्नेहल, मला हे पटलेलं नाही. माझा जीव तुटतोय बघ. सात वर्षांनी घरात मूल येणार होतं. मी मनातल्या मनात दुपटी शिवायला घेतली होती. पण हे माझं मत झालं. निकाल तुझा आहे." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

गुरुवारी स्नेहल गर्भपाताआधीच्या समुपदेशनाला एकटी गेली. इकडच्या कायद्याप्रमाणे त्यानंतर अठ्ठेचाळीस तास थांबावं लागतं. ते दोन दिवस कमलाबाईंनी तिला गरम भाकरी वाढली, तिच्या डब्यात लिंबाचं लोणचं घातलं, आणि विषय काढला नाही. कलम एक आपोआप पाळलं गेलं, त्यासाठी कुणाची सही लागली नाही. सुगतशी मात्र दोघी कामापुरतं बोलत होत्या.

शनिवारी बरोबर कुणीतरी असावं असं दवाखान्यानं सांगितलं होतं, म्हणून सुगत गेला. परिचारिकेनं संमतीचा कागद काऊंटरवर ठेवला. सुगतनं सवयीनं खिशातून पेन काढलं.

"नो नीड, सर. ओन्ली शी साइन," परिचारिका मोकळेपणानं म्हणाली.

सुगतनं कागद वाचला. नवऱ्याच्या सहीसाठी त्यावर खरोखरच जागा नव्हती. स्नेहलनं सही केली, घड्याळ आणि मंगळसूत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि ती आत गेली. दार मिटताना तिनं मागे वळून बघितलं नाही.

बाहेरच्या खोलीत सकाळचं वर्तमानपत्र पडलं होतं. पहिल्याच पानावर अमेरिकेची बातमी. सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तीबाईंनी निवृत्ती जाहीर केली होती. गर्भपाताच्या खटल्यांत पारडं बऱ्याचदा त्यांच्या मतानं झुकत आलं होतं. आता त्यांच्या जागी कोण येणार, आणि ते चौदा जण काय करणार, असं बातमीत विचारलं होतं. सुगतच्या निबंधाचा शेवटचा भाग एका रात्रीत शिळा झाला होता. हक्क तूर्त शाबूत आहे, असं त्यानं त्यात लिहिलं होतं. असाधारण परिस्थिती म्हणजे काय ते ज्याचं त्यानं ठरवायचं, हे वाक्य त्याला महिनाभर फार शहाणपणाचं वाटलं होतं. चौदा जणांनी मनात चौदा अर्थ धरून सह्या केल्या असतील, आणि ज्या बायकांचं काय ते यावर ठरणार त्यांना कुणी हरकत विचारली नसेल. त्यानं घडी घालून पेपर बाजूला ठेवला.

मग त्याला फेब्रुवारी आठवला. स्नेहलनं सांगितलं त्याच दिवशी त्यानं ऑफिसातल्या कॅलेंडरवर महिने मोजले होते: बाळंतपण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या लहान खोलीत उभं राहून पुस्तकांचं कपाट किती रुंद आहे ते त्यानं वितीनं मोजलं होतं. कपाट हॉलमध्ये नेलं तर पाळणा बसला असता. हे सगळं त्यानं केलं होतं, आणि आईनं विचारलं तेव्हा त्याला उत्तर सापडलं नव्हतं. अरे, उत्तर होतं की! पहिल्या दिवसापासून होतं. त्याला ते मूल हवं होतं. मधला म्हणून त्यानं जो रस्ता आखला होता तो सरळ त्याच्याच दाराशी येत होता. फक्त हवं असं म्हणायचं नव्हतं, कारण म्हटलं की दिलेला शब्द मोडला असता. तो नुसता वेळ घालवत बसला होता, म्हणजे शब्द न मोडता मूल पदरात पडलं असतं. सुगतला स्वतःची इतकी किळस आली की तो उठून पाण्याच्या यंत्रापाशी गेला आणि कागदी पेल्यातून दोन पेले पाणी प्यायला.

अडीच तासांनी स्नेहल बाहेर आली. चेहरा पांढुरका, पण चालणं नीट. सुगतनं तिला आधार द्यायला हात पुढे केला. तिनं तो धरला नाही, मंगळसूत्र आणि घड्याळ तेवढं घेतलं.

टॅक्सीसाठी ते इमारतीच्या पायऱ्यांशी उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं.

"तुला हवं होतं ना?" स्नेहलनं विचारलं.

इथं सुगतला काहीही म्हणता आलं असतं. तुझी तब्येत महत्त्वाची, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"मला वाटलंच होतं. तू लहान खोलीत जाऊन उभा राहायचास."

"मग विचारलं का नाहीस?"

"मी का विचारू? तू सांगायचंस ते."

"सांगितलं असतं तर?"

"तर मी नाहीच म्हटलं असतं." तिनं डोळे पुसले, आणि पुसतानाच पुन्हा भरले. "पण तुला म्हटलं असतं, सुगत. तुझ्या तोंडावर. आपण भांडलो असतो. तू रडला असतास, मी रडले असते, आणि मग तू इथं माझ्याबरोबर आला असतास. आत्ता काय झालं, मी आत एकटीच रडले आणि तू बाहेर पेपर वाचत बसलास. कुठल्या बाजूला आहेस हेच मला इतके दिवस कळलं नाही. तू माझ्या विरुद्ध असतास तरी चाललं असतं मला."

पहिल्यांदाच सुगतनं काही जुळवायचा प्रयत्न केला नाही.

टॅक्सी आली. सुगतनं मागचं दार उघडून धरलं. स्नेहल त्याला वळसा घालून गेली आणि पुढे, चालकाच्या शेजारी बसली. तिनं पट्टा लावला. सुगत मागे एकटाच बसला आणि त्यानं आपल्या बाजूचं दार ओढून घेतलं.

म्हाताऱ्या चालकानं आधी शेजारी बघितलं, मग आरशातून मागे.

"बोथ गोइंग सेम प्लेस, आह?"

उत्तर द्यायला सुगतनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि स्नेहल काय म्हणते याची वाट बघत तो बसून राहिला.